तालाकाठचं घर आणि सुमतीकाकूंचा निकाल

लोक घर बांधायला काढतात तेव्हा आधी विटा येऊन पडतात, मग वाळू, मग सळया. आमच्या घराला यातलं काहीच लागणार नव्हतं. जागा रिकामी होती, म्हणून तिथे किस्से येऊन पडले. विटा उचलायला ट्रॅक्टर येतो, किस्से न्यायला कुणी येत नाही. त्यामुळे ढीग वाढतच गेला. संध्याकाळी ब्रह्माघाटाच्या पायऱ्यांवर आम्ही मित्रमंडळी बसलो की कुणीतरी म्हणतंच, "मुक्ता, तो थर्मामीटरवाला सांग ना!" मग एकातून दुसरा निघतो, आणि चहावाला भांडी घासायला घेतो तरी आमचं आवरत नाही.

आधी जागा सांगते. बनारसहून चंदौलीच्या पुढे गेलं की सपाट शेतं संपतात आणि डोंगर सुरू होतात. तिथे जंगलाच्या कडेला एक ताल आहे. ताल म्हणजे तलाव, पण आमच्या बनारसी मराठीत तालच. काठावर महुआ म्हणजे आपला मोह, पळस, तेंदू, आवळा. ब्रह्माघाट आणि रामघाटावरच्या सहा मराठी कुटुंबांनी मिळून तालाकाठची एक जुनी बाग विकत घेतली. सगळे रिटायर्ड. कुणी रेल्वेतून, कुणी बँकेतून, कुणी विद्यापीठातून. समोरच्या घरातल्या फोडणीने आपल्या घरात ठसका लागतो, अशा गल्लीत जन्म काढलेली ही माणसं. आता त्यांना झाडं बघत म्हातारं व्हायचं होतं.

मी नुकतीच आर्किटेक्चर करून परत आले होते. माझं म्हणणं एवढंच होतं, की झाडं बघायची असतील तर ती कापून त्या जागी सिमेंटचे डबे कशाला ठेवायचे? माती इथलीच घ्या, लाकूड पडलेल्या झाडांचं घ्या, कौलं शेजारच्या गावातली घ्या. सगळ्यांनी उत्साहाने माना डोलावल्या. मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि म्हटलं, "आधी तुमचं होऊ दे!"

शेवटी अप्पा पुढे झाले. अप्पा बँकेतून रिटायर झालेले, पण मनाने कॉलेजातले. अडचण एकच, सुमतीकाकू. म्हणजे त्यांची बायको.

काकूंनी सगळ्यांसमोर अट घातली. "बांधा. मी मधे पडणार नाही. वास्तुशांतीच्या दिवशी घर बघेन आणि सांगेन. हो म्हटलं तर त्याच दिवसापासून राहीन. नाही म्हटलं तर गाडीत बसून ब्रह्माघाटावर परत. मग अहो, तुम्ही तो प्लॉट विकायचा, आणि पर्यावरण हा शब्द माझ्या घरात पुन्हा काढायचा नाही."

बाकीची पाच कुटुंबं लगेच म्हणाली, "आमचंही तेच! सुमती राहिली तर आम्ही मातीचं बांधू. नाही राहिली तर ठेकेदार आहेच." ठेकेदार खरंच होता. पांढरे बूट घालून यायचा आणि झाडांकडे असा बघायचा, जसा खाटीक बकऱ्याकडे बघतो.

म्हणजे एका तालाचं, एका बागेचं आणि माझ्या सगळ्या शिक्षणाचं भवितव्य एका बाईच्या हो-नाहीवर येऊन थांबलं. आणि ती बाई मधे पडणार नव्हती म्हणे!

*

माती बांधकामाला चालेल का, हे बघायची एक सोपी रीत आहे. बाटलीत माती घालायची, पाणी भरायचं, खूप हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू तळाला बसते, त्यावर गाळ, त्यावर चिकणमाती, आणि सगळ्यात वर नितळ पाणी. थरांवरून मातीचा अंदाज येतो.

मी तालाच्या काठाकाठाने माती गोळा करून बाटल्या भरल्या. माझ्या आईने त्या घरात ठेवू दिल्या नाहीत, म्हणून अप्पांकडे नेल्या. अप्पांनी कुणाचा धक्का लागू नये म्हणून देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सोमवार. रामघाटावरचे गुरुजी अभिषेकाला आले. अभिषेक झाला, आरती झाली, सगळ्यांना तीर्थ मिळालं. मी पोचले तेव्हा घरात प्रसन्न वातावरण होतं. मी कोनाड्यात बघितलं आणि ओरडले, "अप्पा, या बाटलीतलं वरचं पाणी कुठे गेलं?"

अप्पांच्या हातातली पळी तशीच राहिली. काकूंनी पदर तोंडाला लावला.

गुरुजी म्हणाले, "का? ते गंगाजल नव्हतं?"

"नाही हो गुरुजी! तालाच्या काठची माती होती ती!"

गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले. मला वाटलं, आता प्रायश्चित्त सांगणार. तर ते म्हणाले, "तरीच! मी म्हटलं, आज गंगा एवढी नितळ कशी!"

*

बांधकामाला रामधनी मिस्त्री होते. गावातलेच, तोंडात कायम पान. मातीचं काम त्यांच्या वडिलांनी केलेलं, पण यांचा जीव सिमेंटवर. पहिल्या दिवशी त्यांनी माझा नकाशा उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "बिटिया, दीवार तो दिख रही है. सीमेंट कहाँ है?"

"सीमेंट नहीं है, मिस्त्रीजी."

"भूल गई होंगी."

"भूली नहीं. डालना ही नहीं है."

त्यांनी पान दुसऱ्या गालात सरकवलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या आईवडिलांची त्यांना कीव आली असावी.

काम सुरू झालं. पाया दगडाचा, वर मातीचे आणि पेंढ्याचे गोळे एकावर एक थापून भिंत. एका सकाळी मी लवकर पोचले, तर पेंढ्याच्या ढिगाखाली काहीतरी कडक लागलं. पेंढा बाजूला केला. सिमेंटची गोणी! अर्धी रिकामी!

मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मिस्त्री शांतपणे पान चघळत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "बिटिया, दवाई समझ के थोड़ा-सा डाल दिए थे."

मी म्हटलं, "दवाई बीमार को देते हैं!"

मिस्त्रींनी पिवळ्या मातीच्या भिंतीवरून मायेने हात फिरवला. "तो रंग देखिए न. पीलिया है बेचारी को!"

*

या भागात महुआच्या झाडांची एक रीत आहे. जमीन कुणाचीही असो, झाडाची फुलं वेचायचा हक्क गावातल्या ठरलेल्या घराचा. आमच्या अंगणातला महुआ फूलमती नावाच्या आजींचा होता. मी तो न तोडता घर त्याच्याभोवती फिरवलं, याचा मला फार अभिमान. आजींना तो दाखवायला गेले. त्यांनी घर चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक है. दरवज्जा भोर में खुला रखिहा."

एवढंच. जणू मी त्यांच्या झाडाला खोल्या बांधून दिल्या होत्या.

महुआ फुलला. पहाटे गाव टोपल्या घेऊन झाडांखाली, आणि दुपारनंतर आमची सगळी मजूर मंडळी फारच आनंदात. फुलांचं काय केलं जातं, हे मी सांगायला नको. त्या दिवसांत उत्तरेची भिंत चढत होती. मी लांबून बघितलं तर भिंत तालाकडे झुकून पाणी पीत होती!

मी धावत गेले. तालाच्या बाजूने ओळंबा लावला, ज्याला इथे साहुल म्हणतात. वर दोरी भिंतीला चिकटलेली, आणि खाली लोलक भिंतीपासून हातभर लांब लोंबकळतोय, एवढा फरक.

"मिस्त्रीजी! यह क्या है?"

मिस्त्रींनी एक डोळा मिटून बघितलं. मग तो उघडून दुसरा मिटला. मग दोन्ही उघडे ठेवून, अतिशय गंभीरपणे सांगितलं, "बिटिया, दीवार सीधी है. साहुल टेढ़ा लटक रहा है."

मी म्हटलं, "पाडा!"

पाडायला लागलीच. फावडं उचलण्याआधी मिस्त्रींनी भिंतीपुढे हात जोडले. "माफ करना बहिन. बिटिया पढ़ी-लिखी है."

*

दरवाजा अप्पांनी आणला. गल्लीत एक जुनं घर पाडत होते, तिथला सागवानी, कोरीव, चौकटीसकट. नवं लाकूड तोडायचं नाही, जुनं वापरायचं, हे माझंच तत्त्व, त्यामुळे मला तोंड उघडायची सोय नव्हती. चौकट बसवल्यावर लक्षात आलं, की पूर्वीची माणसं फार बुटकी असावीत, नाहीतर फार नम्र. काकू सोडल्या तर प्रत्येकाचं कपाळ चौकटीला लागायचं. मिस्त्रींच्या कपाळाला, माझ्या कपाळाला, ठेकेदाराच्या कपाळाला. ठेकेदाराचं लागलं तेव्हा मला चौकट थोडी आवडायला लागली.

घर वास्तुशांतीलाच बघणार होत्या, पण गल्लीतला जुना दरवाजा म्हणून काकू फक्त चौकट बघायला आल्या. आत जाऊन उभ्या राहिल्या. बाहेरून अप्पा निघाले, आठवणीने मान आणि कंबर दोन्ही वाकवली आणि आत आले.

काकू चौकटीकडे बघत म्हणाल्या, "लाकूड चांगलं आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्यासमोर वाकून आलात!"

मी हे होकाराच्या खात्यात धरलं. अप्पा म्हणाले, "घाई करू नकोस."

*

आता थर्मामीटर.

मातीचं घर उन्हाळ्यात थंड राहतं, हे मी सहाही कुटुंबांना सांगून सांगून दमले होते. पाचांपैकी एक जोशी सर, विद्यापीठात केमिस्ट्री शिकवलेले. ते म्हणाले, "मुक्ता, विज्ञानात सांगून चालत नाही. मोजावं लागतं." जून महिना, लू म्हणजे उन्हाच्या झळांचा वारा चाललेला. तालाचं पाणी आटून काठाला भेगा पडल्या होत्या. कौलं नुकतीच चढली होती. सर सकाळच्या बसने गेले. खोलीत लावायचा थर्मामीटर, चटई, पाण्याची बाटली आणि आमच्या सगळ्यांच्या आशा घेऊन.

संध्याकाळी सरांच्या घरी, रामघाटावर, सगळे जमले. काकूही आल्या. सर आले, खुर्चीत बसले आणि जड आवाजात म्हणाले, "भर दुपारी वाचन घेतलं. छत्तीस पॉइंट पाच."



"एवढं गरम?" कुणीतरी म्हणालं. "मग आमच्या गल्लीतलं काय वाईट आहे?" दुसरं म्हणालं. तिसऱ्याने तर खिशातून मोबाइल काढून ठेकेदाराचा नंबरच शोधायला घेतला. अप्पा चटईचा धागा ओढत बसले. मला रडायला यायचं बाकी होतं. एवढ्या जाड भिंती, एवढी सावली, तालावरून येणारा वारा, शक्यच नव्हतं!

"सर," मी म्हटलं, "तुम्हाला आत उकडत होतं?"

"छे! अगं मला इतकी गाढ झोप लागली! रिटायर झाल्यापासून दुपारची अशी झोप नाही."

"मग थर्मामीटर कुठे टांगला होता?"

"टांगणार कुठे? तुझ्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही, असं तूच सांगितलं होतंस. माझ्याजवळच होता."

"जवळ म्हणजे?"

सरांनी आठवून दाखवलं. चटईवर कुशीला वळलेले, आणि थर्मामीटर, हरवू नये म्हणून, काखेत!

आधी हसल्या जोशीकाकू. मग सगळी खोली. मोबाइलवाला नंबर शोधायचा थांबला. सर स्वतःच्या काखेकडे असे बघत होते, जसे विद्यार्थ्याच्या चुकलेल्या प्रयोगाकडे बघत असतील.

फक्त सुमतीकाकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणजे सरांची तब्येत ठणठणीत आहे एवढं कळलं. घराचं काय?"

*

पावसाळा संपला आणि बाहेरच्या भिंतींना चुन्याचा गिलावा करायचा ठरला. जुन्या पद्धतीचा. चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, भिजवून वाटलेली उडदाची डाळ. डाळीने गिलावा चिकट होतो, पाणी धरत नाही. घाटांवरच्या जुन्या इमारती अशाच चुन्यावर उभ्या आहेत असं सांगतात, आणि आपण मात्र दर काही वर्षांनी गळणाऱ्या गच्चीवर डांबर ओततो! असो. हे सुरू झालं की मी थांबत नाही.

गूळ आणि बेल गावात मिळाले. डाळ मी अप्पांवर सोपवली. अप्पांनी घरी जाऊन काकूंना सांगितलं, "उडदाची डाळ भिजत घाल. भरपूर. वाटून दे. उद्या साइटवर न्यायची आहे." कशाला, हे सांगितलं नाही, कारण मधे पडणार नाही असं काकूंनीच सांगितलं होतं.

काकूंना वाटलं, गिलाव्याचं काम सुरू होतंय, मजुरांना वडे खाऊ घालायचे असतील. त्यांना बरंच वाटलं. पहाटे उठून त्यांनी डाळ वाटली, आलं घातलं, हिरवी मिरची घातली, मिरी भरडून घातली, हिंग घातला, ओल्या नारळाचे तुकडे घातले. मीठ तळताना घालायचं म्हणून वेगळ्या पुडीत दिलं. मोठं पातेलं फडक्याने बांधून अप्पांबरोबर पाठवलं.

अप्पा पोचले तेव्हा चुना तयार होता. मिस्त्रींनी फडकं सोडलं, वास घेतला, आणि म्हणाले, "बाबूजी, शहर का डाल बढ़िया है." आणि सगळं चुन्यात! नारळासकट!

मी आले तेव्हा दक्षिणेची भिंत पूर्ण झाली होती. तालाकडून वारा आला की सगळ्या बागेत हिंग दरवळायचा. झाडांवरून वानरं उतरली आणि भिंतीसमोर रांगेत बसली. एकाने पुढे होऊन चाटून बघितली आणि तोंड वेडंवाकडं करत महुआवर पळालं. बाकीची बसूनच राहिली. बहुधा त्यांना वाटलं, चटणी यायची असेल.

संध्याकाळी काकूंनी अप्पांना विचारलं, "वडे कसे झाले?"

अप्पा खरं बोलणारे गृहस्थ. त्यांनी सांगितलं.

काकूंनी दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. "मुक्ता, मला एवढंच सांग. तुमच्या त्या घरात भिंतीला आल्या-मिरचीची डाळ घालायची, मग मला जेवायला काय वाढणार आहात? शेण?"

*

काकूंचा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र संडासाला होता. ताल एवढ्या जवळ, तिथे सेप्टिक टँकचं पाणी झिरपू द्यायचं म्हणजे पाप, असं माझं ठाम मत. म्हणून कोरडा संडास. पाणी ओतायचं नाही. नंतर मूठभर राख आणि भुसा टाकायचा, झाकण लावायचं. मी समजावून सांगितलं. बाजूला धुवायची वेगळी सोय आहे, वास येत नाही, सगळं सांगितलं.

काकूंनी ऐकून घेतलं. "म्हणजे मांजरासारखं?"

"काकू, मांजर फार स्वच्छ असतं."

"असेल. पण मांजराला सोवळं नेसून नैवेद्य करायचा नसतो. मग त्या डब्यातल्याचं पुढे काय?"

"खत होतं."

"आणि ते खत?"

मी आंबा म्हणणार होते. अप्पांनी माझ्या पायावर पाय दिला. मी म्हटलं, "मोगऱ्याला! फक्त मोगऱ्याला!"

अप्पांनी घाईघाईने भर घातली, "खाण्यात काहीच नाही, सुमती. नुसती फुलं. घर भरून फुलं."

"आणि ती फुलं कुणाला वाहायची?"

देवाला म्हणावं तर पंचाईत.

काकू उठल्या, पदर खोचला आणि आत जाता जाता अप्पांना म्हणाल्या, "तुमच्या फोटोला वाहीन!"

त्यानंतर अप्पांनी मला सांगितलं, "मुक्ता, मला वाटतं आपण हरलो." आणि पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले. मला संताप आला. काकूंचा नाही, सगळ्याचाच. एवढं सुंदर घर! सकाळी तालावरचं ऊन आत येऊन भिंतीवर हलायचं. आणि त्याचा निकाल राख आणि भुशावर लागणार!

*

वास्तुशांत मार्गशीर्षात झाली. सकाळी तालावर धुकं, पाण्यावर बाहेरून आलेली बदकं. गुरुजींनी होम पेटवला. पाचही कुटुंबं आली होती, पण होमाकडे कुणी बघत नव्हतं. सगळे काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते.

जोशी सर माझ्या कानात म्हणाले, "चेहऱ्यावरून काय वाटतंय?"

मी म्हटलं, "धुराने डोळ्यांत पाणी आलंय. काही कळत नाही."

ठेकेदार न बोलावता आला, मिठाईचा डबा घेऊन. पांढऱ्या बुटांवर माती लागू नये म्हणून चटईच्या कडेकडेने चालत होता. मला म्हणाला, "मैडम, भाभीजी ना कर दें तो कोई टेंशन नहीं. मशीन रोड पर ही खड़ी है. कल से साफ-सफाई शुरू." साफसफाई म्हणजे झाडांची!

काकू दिवसभर एक अक्षर बोलल्या नाहीत. जेवणं झाली. सूर्य डोंगराकडे कलला. अप्पा, काकू आणि त्यांच्या जाऊबाई माई यांना घेऊन आलेली बोलेरो बाहेर उभी होती, परतीची. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. पाचही कुटुंबं उगाच रुमाल घडी करत, चपला शोधत रेंगाळत होती.

आणि तेवढ्यात माईंनी तोंड उघडलं. माई म्हणजे अप्पांच्या थोरल्या वहिनी, काकूंच्या जाऊबाई. भोसले घाटाजवळ राहतात, दगडी घरात. लग्न होऊन आल्यापासून काकूंच्या भाजीत मीठ आहे की नाही, हे माईच ठरवत आलेल्या. नऊवारी रेशमी लुगडं नेसून त्या सगळ्या खोल्या फिरून आल्या होत्या.

"सुमती," त्या म्हणाल्या, "गोठा छान झालाय हो. गाय कधी येणार?"

काकूंनी त्यांच्या हातात कॉफीचा पेला दिला.

माई भिंतीजवळ गेल्या. "आणि हे काय, पेंढा बाहेर आलाय जागोजाग. भिंत विंचरायची राहिली वाटतं."

कुणीतरी हसलं. ठेकेदार तर मोठ्याने हसला. अप्पा मान खाली घालून होमाची राख गोळा करत होते.

माईंना अजून जोर आला. त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि भिंतीला टोचला. जरा उकरला. सुपारीएवढा मातीचा खडा सुटून खाली पडला.

"बघा!" माई सगळ्यांकडे वळल्या. "नुसती माती! एका आकड्याने निघते!"

"हम तो शुरू से कह रहे थे, माताजी," ठेकेदार म्हणाला.

काकूंनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि बाहेर निघून गेल्या. सरळ, गाडीच्या दिशेने. चौकटीतून त्या दिसेनाशा झाल्या, आणि मला समजलं, की संपलं. जोशी सरांनी चष्मा काढून पुसला. अप्पा तसेच राखेपाशी बसून राहिले.

काकू परत आल्या. पदर कमरेला खोचलेला, हातात घमेलं. घमेल्यात कालवलेली माती, शेण आणि बारीक भुसा. ते त्यांनी माईंच्या पायाशी ठेवलं.

"माई, बांगड्या वर करा."

"काय?"

"बांगड्या वर करा. उकरलंत ना? आता लिंपा."

"सुमती, मी रेशमी नेसलेय!"

"पदर खोचा. आधी पाण्याचा हात लावा, नाहीतर धरणार नाही. हं. आता घ्या माती. एवढी नको. वरून खाली नाही ओढायचं, माई, गोल फिरवा हात. गोल. तळव्याने, बोटांनी नाही. बोटांचे वळ उठतात."

काकू हे कुठे शिकल्या, कधी शिकल्या, मला माहीत नाही. मिस्त्रींकडे बघितलं, तर ते आढ्याकडे बघत पान चघळत होते. माईंचं लुगडं जमिनीवर लोळत होतं, कपाळावर घाम, आणि त्या, जन्मात पहिल्यांदाच, सांगितल्याप्रमाणे हात गोल फिरवत होत्या. ठेकेदार मागे सरकत सरकत दारापर्यंत गेला आणि त्याचं कपाळ चौकटीला असं लागलं, की आवाज तालापर्यंत गेला असेल. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

माई मागे झाल्या. हात मातीने भरलेले. "झालं? आता तरी बरोबर आहे?"

काकूंनी वाकून जागा बघितली. अंगठ्याने कड दाबली.

"नाही," त्या म्हणाल्या. "जाड बसलंय. वाळलं की तडा जाणार. उद्या सकाळी मलाच परत लिंपावं लागेल."

जोशी सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

अप्पा उठले. राखेचे हात धोतराला पुसत, वाकून चौकटीबाहेर गेले, आणि बाहेरून त्यांचा आवाज ऐकू आला.

"भैया, एक ही सवारी जाएगी."